मदत हवी आहे: मॉरिस मायनर (१९५५), सेल्फ उचलत नाही, डायनामो चार्ज करत नाही

अंत्रूज (फोंडा, गोवा)

नमस्कार मंडळी,

आमच्या घरी १९५५ ची मॉरिस मायनर आहे. सीरीज टू, ८०३ सीसी, चार दरवाज्यांची. आजोबांनी पोर्तुगीज अमदानीत घेतली, तेव्हापासून फोंड्यातच आहे. ही नुसती झाकून ठेवायची गाडी नाही, आम्ही ती चालवतो. पावसाळ्यात शेडमध्ये असते आणि दसऱ्याला पूजा झाली की रस्त्यावर येते. यंदा मात्र दोन दुखणी एकदम निघाली आहेत आणि त्यांचा एकमेकांशी संबंध आहे की नाही, तेच कळत नाही.

पहिलं दुखणं सेल्फचं. या गाडीला चावीने सेल्फ लागत नाही, डॅशबोर्डवरचा नॉब ओढावा लागतो. सकाळी गाडी थंड असताना सेल्फ कसाबसा फिरतो. गरम झाल्यावर नुसता ‘ठक्’ आवाज येतो आणि संपलं. त्याच वेळी पुढून हँडल मारलं तर इंजिन लगेच लागतं. चावी फिरवल्यावर पेट्रोल पंपाची टिकटिक येते आणि कार्ब्युरेटर भरला की थांबते. म्हणजे पेट्रोल आणि स्पार्क ठीक असावेत. बॅटरी नवी आहे, बाहेरच्या चार्जरवर पूर्ण भरलेली, धन टोक बॉडीला, म्हणजे गाडीला मूळचं आहे तसंच. हेडलाइट लावून नॉब ओढला तर सेल्फ अडकतो, पण उजेड फारसा उतरत नाही. हे मला विचित्र वाटलं म्हणून मुद्दाम लिहितोय.

दुसरं डायनामोचं, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी भरणाऱ्या यंत्राचं. पावसाळ्याआधी डायनामो एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे दिला होता. त्याने कार्बन ब्रश बदलले, कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो फिरणारा भाग) लेथवर साफ केला आणि बाकावर बॅटरी लावून डायनामो मोटरसारखा फिरवून दाखवला. सुरेख फिरला. गाडीला बसवल्यापासून मात्र डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा विझत नाही. रेस वाढवली तर विझायच्या ऐवजी जास्तच भगभगतो. इंजिनामागच्या पत्र्यावरच्या (बल्कहेडवरच्या) कटआउटच्या, म्हणजे डायनामो बॅटरीला जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या, डब्यातून घर्र असा आवाज येतो, थोडा जळका वासही येतो. बॅटरी अजिबात भरत नाही.

इलेक्ट्रिशियनचं म्हणणं, हे सगळं काढून टाका, मारुतीचा अल्टरनेटर बसवा आणि बॅटरी उलटी करून ऋण टोक बॉडीला द्या. मला ते करायचं नाही. इतकी वर्षं हाच डायनामो बॅटरी भरत आला आहे, आणि बिघाड कुठे आहे ते कळायच्या आत तो फेकून द्यायला मन तयार होत नाही. आईला एकदा याच गाडीतून म्हार्दोळला म्हाळसेच्या देवळात न्यायचं आहे. फर्मागुडीच्या चढावर गाडी बंद पडली आणि पुन्हा उचललीच नाही तर काय करायचं, म्हणून थांबलोय.

मल्टीमीटर आहे आणि वापरता येतो. कुठून सुरुवात करू?

---

घाटमाथा

माझ्या जुन्या जीपला मी अल्टरनेटर लावला आणि सुखी झालो. रात्री पावसात हेडलाइट, वायपर, सगळं लावून बिनधास्त जातो. मूळपणाचा आग्रह समजतो, पण गाडी वापरायची असेल तर इलेक्ट्रिशियन म्हणतो त्यात तथ्य आहे. निदान विचार करा.

---

लाल दिवा (कोल्हापूर)

अंत्रूज, सर्वांत आधी बॅटरीचं एक टोक काढून ठेवा आणि मी सांगेपर्यंत इंजिन चालवू नका. डब्यातला तो घर्र आवाज म्हणजे कटआउट लागतोय-सुटतोय. आत ठिणग्या पडत असणार. असंच चालवलंत तर पॉइंट जळून चिकटतील आणि मग वायरिंग पेटायची वेळ येईल.

तुम्ही लक्षणं नीट लिहिलीत, त्यामुळे काम सोपं झालं. ही दोन दुखणी वेगळी आहेत.

आधी लाल दिव्याचं. या दिव्याचं एक टोक इग्निशनवरून बॅटरीला आणि दुसरं डायनामोच्या डी टर्मिनलला, म्हणजे वीज बाहेर देणाऱ्या टोकाला, जातं. इंजिन बंद असताना बॅटरीकडून करंट येतो म्हणून दिवा लागतो. डायनामो बॅटरीच्या बरोबरीला आला की दोन्ही टोकांना सारखाच दाब असतो आणि दिवा विझतो. तुमचा दिवा रेसबरोबर वाढतोय. डायनामो मेलेला असता तर दिवा एकाच उजेडाने जळत राहिला असता. वाढतोय याचा अर्थ डायनामो वीज बनवतोय, पण उलटी! बॅटरीचे बारा आणि डायनामोचे उलटे बारा यांची बेरीज त्या बिचाऱ्या दिव्यावर पडतेय.

असं कसं झालं? डायनामोच्या फील्डच्या (न फिरणाऱ्या चुंबकी वेटोळ्यांच्या) लोखंडात थोडं चुंबकत्व कायम उरलेलं असतं आणि त्यावरच तो वीज बनवायला सुरुवात करतो. बाकावर बॅटरी लावून फिरवला की त्या करंटच्या दिशेने हे चुंबकत्व नव्याने ठरतं. हल्लीच्या सगळ्या गाड्यांना ऋण टोक बॉडीला असतं, त्यामुळे सवयीने डायनामोच्या बॉडीला ऋण टोक लावलं गेलं असणार. डायनामो चांगला फिरला, पण धन-ऋण उलटं होऊन आला.

हा माझा तर्क झाला, आता खात्री करून घ्या. डायनामोवरच्या दोन्ही वायरी काढा. मोठं टर्मिनल डी, छोटं एफ (फील्डचं). (मूळ वायरी असतील तर डीची पिवळी आणि एफची पिवळीवर हिरवी रेघ. कापडी वायरींचे रंग उडालेले असतात, म्हणून चिठ्ठ्या बांधा.) डी आणि एफ एका उघड्या तारेने जोडा. मीटरची काळी पिन त्या तारेला, लाल पिन डायनामोच्या बॉडीला, कारण तुमची बॉडी धन आहे. बॅटरी जोडून इंजिन हँडलने लावा आणि रेस अगदी हळू वाढवा. आकडा न अडखळता सरळ चढला पाहिजे. २० व्होल्टच्या वर नेऊ नका, व्होल्ट आवरणारा रेग्युलेटर मध्ये नसल्याने डायनामोला लगाम नाही. काहीच आलं नाही तर ब्रश बघा. अर्धा-एक व्होल्टवर अडकला तर फील्ड वाइंडिंग. चार-पाचवर अडकला तर आर्मेचर (आतला फिरणारा भाग). आणि आकडा छान चढला पण मागे उण्याची खूण असेल, तर माझं म्हणणं बरोबर.

आता सेल्फ. हेडलाइट उतरत नाही हे तुम्ही लिहिलंत, त्यातच उत्तर आहे. बॅटरी कमकुवत असती तर उजेड गपकन उतरला असता. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं आहे, म्हणजे बॉडीपासून तुटलेलं आहे. सेल्फचा सगळा करंट बॉडीतून इंजिनात जातो तो गिअरबॉक्सजवळच्या तारांच्या विणलेल्या अर्थ-पट्टीतून. ती खराब झाली की करंट दुसरी वाट शोधतो. नॉब ओढायला दुसऱ्याला बसवा आणि लगेच चोकच्या तारेला बोट लावून बघा. गरम लागली तर सेल्फचा करंट त्या बारीक तारेतून जातोय.

मीटरनेही बघा. नॉब ओढलेला असताना बॅटरीचं धन टोक आणि इंजिनचा ब्लॉक यांच्यात अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसता कामा नये. हे तपासताना कॉइलची वायर काढून ठेवा, म्हणजे इंजिन लागणार नाही.

---

तांबडी माती (डिचोली)

अंत्रूजबाब, आमच्याकडे हवा कशी आहे ते तुम्हाला सांगायला नको. खाली माती आणि वर खारी दमट हवा. पट्टी वरून धड दिसते, पण दोन्ही टोकांच्या वॉशरखाली हिरवं चढलेलं असतं. बोल्ट सोडूनच बघा. आणखी एक, यंदा खालून रंग मारला होता का?

---

अंत्रूज

लाल दिवा, तांबडी माती, दोघांनाही देव बरें करूं!

होय, मे महिन्यात गंज लागू नये म्हणून चॅसिसला खालून रंग मारून घेतला होता. पट्टी काढली तर बॉडीकडचं टोक चक्क नव्या रंगावर आवळलेलं होतं. वॉशरखाली काळा रंग जसाच्या तसा, नुसता बोल्टच्या आट्यांमधून जेमतेम संपर्क. दुसऱ्या टोकाला हिरवट चुरा, आणि मधल्या बऱ्याच तारा तुटून झिंज्या झालेल्या.

पट्टी काढण्याआधीच आकडे घेतले होते. नॉब ओढल्यावर बॅटरीवर ११.५, पण सेल्फवर जेमतेम ७.२. बॅटरीचं धन टोक ते ब्लॉक ३.८ व्होल्ट! चोकची तार तर हात लावायच्या लायकीची नव्हती, डॅशबोर्डमागे तिच्या आवरणातून धुराची बारीक रेघ निघाली. वेळेत कळलं.

नवी जाड पट्टी आणली, दोन्ही बाजूंचा धातू घासून चकचकीत केला, आवळल्यावर वरून ग्रीस लावलं. सेल्फ आता गरम इंजिनलाही असा उचलतो की आई आतून विचारायला आली, गाडीचं काय केलंस.

डायनामो: मीटर न अडखळता चढला आणि दाखवले उणे १५. तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. आता दिशा कशी बदलायची?

---

लाल दिवा

छान. सेल्फ पूर्ण मार्गी लागला.

डायनामोला दिशा द्यायची तर इंजिन बंद ठेवा. एफची वायर डायनामोवरून काढलेलीच हवी, हे विसरू नका. ती लागलेली असताना बॅटरीचा करंट दिलात तर रेग्युलेटर जाईल. बॅटरीचं जे टोक बॉडीला नाही, म्हणजे तुमचं ऋण, तिथून एक वायर आणा आणि डायनामोच्या छोट्या एफ टर्मिनलला क्षणभर टेकवा. ठिणगी दिसेल, घाबरू नका. एक-दोनदा टेकवलं की पुरे. मग मघाची चाचणी पुन्हा करा, उण्याची खूण गेलेली असेल. त्यानंतरच वायरी जोडा.

घाटमाथा, तुमच्या मुद्द्यावर: हा डायनामो जास्तीत जास्त १९ अँपिअर देतो. रात्री पावसात हेडलाइट, वायपर, इग्निशन, पंप सगळं लागलं की त्यातलं थोडंच शिल्लक राहतं, आणि आयडलवर तो काहीच देत नाही. रोज रात्री जाणाऱ्याला अल्टरनेटर सोयीचा, हे मान्य. पण दिवसा देवळाला जाऊन येणाऱ्या गाडीला डायनामो पुरेसा आहे. तो कंपनीने याच गाडीच्या गरजेपुरता दिलेला आहे. शिवाय बिघाड न शोधता अल्टरनेटर लावला असता तरी सेल्फ तसाच अडकला असता, कारण पट्टी तीच राहिली असती.

---

घाटमाथा

पट्टीचं पटलं. माझ्या जीपचीही उद्या सोडून बघतो.

---

अंत्रूज

दिशा बदलली! मीटर आता सरळ. वायरी जोडल्या, घर्र आवाज पूर्ण बंद. रेस दिल्यावर लाल दिवा जवळजवळ विझतो, पण अंधारात बघितलं तर अगदी मंद निखारा राहतो. बॅटरीवर १२.९ च्या वर जात नाही. रेग्युलेटरचा स्क्रू फिरवून वाढवू का?

---

लाल दिवा

स्क्रूला हात लावू नका! इतके दिवस ठिणग्या पडल्यात, कटआउटचे पॉइंट काळे पडले असणार. डायनामो पुरेसं देतोय, पण त्या काळ्या पॉइंटवर थोडे व्होल्ट अडकतात आणि तेवढ्यावर दिवा मंद पेटतो. बॅटरी सोडा, डब्याचं झाकण काढा. कटआउटचे पॉइंट मऊ असतात, त्यांच्यात अगदी बारीक काचपेपरची पट्टी घालून हलक्या हाताने ओढा. एमरी पेपर तिथे अजिबात नको. नंतर स्पिरिटच्या फडक्याने पुसा. शेजारचे रेग्युलेटरचे पॉइंट वेगळ्या धातूचे आणि कडक असतात, ते काळे दिसले तरच त्यांना बारीक एमरी चालेल.

स्क्रूबद्दल एवढ्यासाठी सांगतो की जुन्या पुस्तकांत रेग्युलेटरसाठी १६ व्होल्टच्या आसपासचा आकडा असतो. तो बॅटरी वेगळी करून घ्यायचा आकडा आहे. लोक तो बॅटरीवर आणायला जातात आणि बॅटरी उकळते, डायनामो जळतो. कटआउट लागायचा आकडा १२.७ ते १३.३ आहे, तुमचा त्यातच कुठेतरी लागत असणार.

---

अंत्रूज

पॉइंट साफ केले. एकावर काळा खड्डाच पडला होता, जमेल तेवढा सपाट केला. आता जरा रेस दिली की दिवा अंधारातही पूर्ण विझतो आणि बॅटरीवर १४.१ दिसतात. फोंडा ते फर्मागुडी जाऊन आलो. वर चढून मुद्दाम गाडी बंद केली आणि नॉब ओढला, लगेच लागली.

एकच शंका: तिस्कावर ट्रॅफिकमध्ये आयडलवर उभं असताना दिवा मिणमिणतो. हे चालतं का?

---

लाल दिवा

चालतं. आयडलवर डायनामो बॅटरीच्या खाली जातो, कटआउट सुटतो, दिवा मिणमिणतो. गाडी हलली की विझला पाहिजे, एवढंच बघा.

फॅनबेल्ट अंगठ्याने दाबून अर्धा इंच जाईल इतका ठेवा. फार ताणला तर डायनामोचा मागचा बुश (बेअरिंग) जातो. त्या बुशला मागच्या टोकाच्या मधल्या भोकातून इंजिन ऑइलचे दोन-चारच थेंब द्या. जास्त घातलं तर ते कम्युटेटरवर जातं आणि नवे ब्रश खराब होतात. चोकची तार मात्र आत्ताच बदला, तिचं आवरण आतून जळलेलं असणार.

---

अंत्रूज

तार मागवली आहे. बुशला तेल आजच देतो. तार बसली की आईला घेऊन निघतो.