युरी यार्वेत : ज्याचा आवाज आपण ऐकलाच नाही

नाटक-सिनेमाची आवड असलेल्या आमच्या गटात परवा युरी यार्वेतचा विषय निघाला. तालिनमध्ये १९१९ साली जन्मलेला, एस्टोनियाच्या रंगभूमीवर घडलेला हा नट. १९७१ साली रशियन दिग्दर्शक ग्रिगोरी कोझिंत्सेवच्या 'किंग लिअर'मध्ये, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकावरच्या सिनेमात, तो मुलींनी दुरावलेला म्हातारा राजा झाला, पण रशियन संवादांना आवाज दिला झिनोव्ही गेर्टनं. पुढच्याच वर्षी दिग्दर्शक तार्कोव्हस्कीच्या 'सोलारिस' या अंतराळातल्या सिनेमात शास्त्रज्ञ स्नाउट झाला, तिथंही आवाज परकाच. आम्ही सगळ्यांनी त्याला पाहिलंय, ऐकलं मात्र कुणीच नाही. तुम्ही त्याला कुठं पाहिलंत, मनात काय राहिलं, ते जरूर लिहा.

पुण्याहून :
मी आधी डॉक्टर लागूंचं 'नटसम्राट' पाहिलं होतं. शिरवाडकरांनी लिअरची ती वेदना मराठी घरात आणली, आणि डॉक्टरांचा आवाज कानात इतका पक्का बसला की लिअर म्हटलं की तोच ऐकू यायचा. मग फिल्म सोसायटीत हा सिनेमा लागला. दाराआडून घुंगरं वाजतात, कुणीतरी हसतं आणि आत येतो एक किडकिडीत, पांढऱ्या विरळ केसांचा म्हातारा. शेजारचे गृहस्थ न राहवून म्हणाले, "हा राजा?" मलाही तेच वाटलं होतं. यार्वेत तेव्हा पन्नाशीचा होता, पण डोळे ऐंशीचे.

पुढं वेडाच्या भरात तो माळावर हिंडतो, जमिनीतून पाला उपटतो आणि खातो. अगदी सावकाश, एखाद्या शेतकऱ्यानं मूठभर दाणे तपासावेत तसा. माझे वडील शेवटच्या वर्षी आम्हाला ओळखत नव्हते. अंगणात बसून दूर्वा खुडायचे, तीन-तीन पात्यांची जुडी करायचे आणि परत मोडायचे. एकदा जुडी माझ्या हातात देऊन म्हणाले, "घ्या, देवाला वाहा." मला 'अहो' म्हणाले. त्या दिवशी मला यार्वेत आठवला, आणि आजवर कुठल्याच राजाचा अभिनय मला त्यापेक्षा खरा वाटलेला नाही.

मुंबईहून :
मी डबिंग करते, म्हणून गेर्टच्या बाजूनं लिहिते. आमच्याकडे एकेक लूप, म्हणजे सिनेमाचा छोटा तुकडा, घेऊन पडद्यावरच्या ओठांशी शब्द जुळवतात, त्याला ओठ बसवणं म्हणतात. ओठ बसवणं सरावानं जमतं, श्वास बसवणं अवघड. मी 'लिअर' पडद्याकडं पाठ करून ऐकला, मग आवाज बंद करून पाहिला. आवाज बंद केला तरी तटावरचा तो शेवटचा आक्रोश ऐकू येतो. मानेच्या शिरा, आत ओढलेलं पोट, सगळं त्या माणसाचं स्वतःचं. गेर्टनं त्या श्वासाच्या मागं मागं जाऊन बोललंय, कुठंही त्याच्या पुढं धावला नाही. दोघांनाही माझा नमस्कार.

नाशिकहून :
मला स्नाउटच आवडतो. स्वतःच्या वाढदिवसाला उशिरा येतो, तोही फाटक्या कोटात. एवढ्या मोठ्या अंतराळ स्थानकावर माणसासारखा माणूस तोच वाटतो. इतकंच.

तालिनहून :
कामानिमित्त इथं राहते, आणि मी त्याचा आवाज ऐकलाय! काल्यो कीस्कच्या १९६८च्या 'हुल्लुमेलसुस' म्हणजे 'वेड' या एस्टोनियन सिनेमात. महायुद्धाचे दिवस. वेड्यांच्या इस्पितळात लपलेला हेर शोधायला गेस्टापोचा, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांचा, अधिकारी येतो, तो यार्वेत. शोधता शोधता शहाणा कोण, हेच कळेनासं होतं. सोव्हिएत काळात एस्टोनियाबाहेर हा सिनेमा बरीच वर्षं दाखवू दिला नाही. मला एस्टोनियन जेमतेम येते, दुकानात दूध-पाव मागण्यापुरती. तरी पंधरा मिनिटांनी सबटायटल बंद केली. आवाज मोठा नाही. कोरडा, जवळचा, कानाशी येऊन चौकशी करणारा. लिअरच्या तोंडी तो कसा वाटला असता, हा विचार रात्रभर डोक्यात होता.

१९९५मध्ये तो गेला. त्याची कबर इथल्या मेत्साकाल्मिस्तु या पाइनच्या रानातल्या दफनभूमीत आहे. नाताळच्या आदल्या संध्याकाळी इथले लोक आपापल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतात, बर्फात सगळं रान उजळतं. यंदा मी एक जास्तीची घेऊन जाणार आहे. पुण्याच्या काका, तुमच्या वडिलांचं नाव मनात घेऊन लावू का?