विषय: जूनची अलास्का – मोठं जहाज की छोटं? (होल्ड शुक्रवारी संपतोय)

प्रेषक: सुहास (सहल समिती)

मंडळी,
आपल्यासाठी राखून ठेवलेल्या ११ केबिनचा होल्ड शुक्रवारी रात्री संपतो. एजंटला नावं हवी आहेत, तीही पासपोर्टवर जशी आहेत तशीच. परवाच्या कॉलवर मोठं जहाज ठरलं होतं. राजाभाऊंच्या 'छोटं जहाज घ्या' या मेलनंतर विषय पुन्हा उघडलाय, हरकत नाही. पण अडचण दुसरीच निघाली. सिएटल ते सिएटल फेरीत शेवटच्या संध्याकाळी व्हिक्टोरियाचा थांबा आहे, म्हणजे कॅनडा. लातूर, परभणी, नांदेडहून येणाऱ्या तेराही ज्येष्ठांचे पासपोर्ट भारतीय आणि कॅनडाचा व्हिसा एकाकडेही नाही.

व्हिक्टोरियाला उतरायचंच नाही असं ठरवलं तर चालेल का? हो किंवा नाही, एवढंच सांगा. गणपतीच्या हॉलचा विषय इथे नको.

प्रेषक: मंदाताई

नाही.

उतरा किंवा उतरू नका, जहाज कॅनडाच्या बंदरात लागलं की कागद लागतात. आणि ते व्हिक्टोरियाला नाही, सिएटलच्या चेक-इन काउंटरवरच बघतात. व्हिसा नसेल तर बॅग परत, माणूस परत, आणि पैसे बहुधा नाहीत. अमेरिकेचं ग्रीन कार्ड असलेल्यांना कॅनडाचा व्हिसा लागत नाही, पासपोर्ट आणि कार्ड जवळ असलं की पुरे. पण एच-१बी (अमेरिकेचा नोकरीचा व्हिसा) वाल्यांना लागतो. यादीत असे दोघं दिसतात, तेव्हा अडचण तेरांची नाही, पंधरांची आहे.

प्रेषक: प्रमोद

२०२१ मध्ये तर ही जहाजं कॅनडाला न थांबता थेट अलास्काला जात होती. मग आता काय झालं? कंपनीला नीट विचारा, एजंट लोक काहीही सांगतात.

प्रेषक: मंदाताई

> २०२१ मध्ये तर

प्रमोद, २०२१ मध्ये कॅनडाने बंदरं बंद ठेवली होती, म्हणून अमेरिकन काँग्रेसने खास कायदा करून तात्पुरती सूट दिली होती. ती संपली. मूळ कायदा १८८६चा आहे: परदेशी झेंड्याच्या, म्हणजे परदेशात नोंदलेल्या जहाजाने अमेरिकेच्या बंदरातून प्रवासी घेऊन अमेरिकेच्याच बंदरात उतरवायचे असतील तर मध्ये परदेशी बंदर घ्यावंच लागतं. मोठी जहाजं बहामा, पनामा, बर्म्युडा, माल्टा असल्या झेंड्यांची. म्हणून तो संध्याकाळचा व्हिक्टोरिया. प्रवाशांची हौस म्हणून नाही, कायद्याची हजेरी म्हणून. कंपनीला विचारून थांबा गळणार नाही.

प्रेषक: राजाभाऊ

मी हेच तर पहिल्या मेलमध्ये लिहिलं होतं, कुणी वाचत नाही. छोटं जहाज घ्या, व्हिसाचा प्रश्नच मिटतो. ६० ते १०० प्रवाशांची जी जहाजं जुनो, सिटका, केचिकनवरून सुटतात त्यांतली बरीच अमेरिकन झेंड्याची आहेत. त्यांना परदेशी बंदर घ्यायची सक्ती नाही. सिएटलहून जुनोला विमान, तेही देशांतर्गत. कॅनडा येतच नाही.

आणि अलास्का बघायची तर ती अशीच. चार हजारांचं जहाज जुनोला लागतं तेव्हा धक्क्यावर आणखी तीन-चार उभी असतात. त्या गावाची वस्ती ३१-३२ हजार! शेवटी गावाने जहाज कंपन्यांशी करार करून २०२६ पासून दिवसाला १६ हजार आणि शनिवारी १२ हजार बर्थ अशी मर्यादा घातली. ग्लेशियर बे या हिमनद्यांच्या राष्ट्रीय उद्यानात दिवसाला दोनच मोठी जहाजं सोडतात. तुमच्या फेरीत ग्लेशियर बे आहे की नुसतं एंडिकॉट आर्म (जुनोजवळची अरुंद खाडी), हे सुहासने बघितलंय का? एंडिकॉटला बर्फ जास्त असला की मोठं जहाज लांबूनच वळतं. छोटं पुढे सरकतं, कप्तान देवमाशासाठी तासभर थांबतो, कारण त्याला संध्याकाळी सहाचा धक्का गाठायचा नसतो.

प्रेषक: डॉ. शैला

राजाभाऊंचं सगळं खरं, पण ते तिशीतल्या गुडघ्यांसाठी. यादीत बहुतेक जण ७० च्या पुढचे आहेत, म्हणून छोट्या जहाजाबद्दल एवढं बघा.

लिफ्ट. १०० च्या आतल्या बऱ्याच जहाजांवर लिफ्ट नसते. केबिन खालच्या डेकवर, जेवण मधल्या, बघायचं ते वरच्या. जिने अरुंद आणि उभे. दिवसातून आठ-दहा वेळा.

किनाऱ्यावर जाणं. धक्का नसतो, रबरी बोट असते. मागच्या फळीवरून बोटीच्या काठावर पाय टाकायचा, खलाशी मनगट धरतो, मग गुडघाभर पाण्यात उतरायचं. संधिवात असलेल्याला जमत नाही, आणि त्याच्यासाठी बहुतेकदा दुसरा कार्यक्रमही नसतो. तो दिवसभर जहाजावर.

डॉक्टर. मोठ्या जहाजावर डॉक्टर, नर्स, ईसीजी, ऑक्सिजन, साधा एक्स-रे असतो. बिल खोलीच्या खात्यावर चढतं, नंतर विम्याकडून मागायचं. छोट्या किनारी जहाजांवर बहुतेकदा डॉक्टर नसतोच, प्रथमोपचार शिकलेला कर्मचारी असतो. रात्री छातीत दुखलं तर जवळचं गाव काही तासांवर आणि हेलिकॉप्टर हवा बरी असेल तर.

विमा. पाहुण्यांसाठी घेतो तो साधा व्हिजिटर विमा जुन्या आजाराला बहुतेक हात लावत नाही. फार तर 'अचानक बळावलेला जुना आजार' एवढं कलम असतं, आणि ७० नंतर त्याचीही रक्कम कमी होते. पॉलिसीत जहाजावरून हलवण्याचा खर्च वेगळा लिहिलेला आहे का ते वाचा. नसेल तर ती पॉलिसी या सहलीला उपयोगाची नाही.

मोठं जहाज म्हणजे मात्र सोपं असं समजू नका. बोळ खूप लांब असतात. टोकाची केबिन मिळाली तर नाश्त्याला जाऊन येणं म्हणजेच फिरणं. जहाजाच्या व्हीलचेअर चढण्या-उतरण्यापुरत्या मिळतात. आठवडाभर हवी तर बाहेरून भाड्याने आधी मागवावी लागते आणि ती केबिनच्या दारातून जाते का तेही मोजावं लागतं. म्हणून केबिन मधल्या लिफ्टजवळ, खालच्या डेकवर. 'गॅरंटी' नावाचं स्वस्त भाडं घेऊ नका, त्यात खोली कंपनी ठरवते.

प्रेषक: पद्माकाकू, परभणी

लेकरांनो, तुमचं इंग्रजी-मराठी सगळं वाचायले मी. जहाज कोणतंबी घ्या, खायाचं काय ते कुणीच लिहीना गेलंय. ज्वारीचं पीठ आन् छोटी विजेची शेगडी घेऊन आले तर चालंल का? येसर बी आणते. ह्यांना मैद्याचं सोसत नाही.

प्रेषक: वैशाली

काकू, शेगडी अजिबात नको. इंडक्शन, किटली, इस्त्री, काहीही तापणारं चेक-इनला काढून घेतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात. आगीची भीती. घरी केलेलं ओलं अन्न, म्हणजे धपाटे, दशम्या, जहाजावर नेऊ देत नाहीत. कारखान्यातून बंद होऊन आलेलं पाकीट चालतं. येसर, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी दुकानातून सीलबंद घ्या, लेबलवर इंग्रजीत घटक असू द्या, आणि अमेरिकेच्या विमानतळावर 'अन्न आहे' असंच सांगा. लपवलं तर दंड, सांगितलं तर फार तर काढून टाकतात. लोणच्याचं तेल हातातल्या बॅगेत नको.

मोठ्या जहाजावर जेवणाची खरी सोय अशी: बुकिंगनंतर लगेच खास आहाराचा फॉर्म भरायचा, 'भारतीय शाकाहारी' आणि ज्यांना हवं त्यांनी 'जैन' असं लिहायचं. मग पहिल्या रात्री मुख्य वाढप्याला गाठून उद्याचं जेवण आजच सांगायचं. वरण-भात, भाजी, पोळी मिळते, कारण स्वयंपाकघरात गोव्याचे, मुंबईचे लोक बरेच असतात. आयत्या वेळी मागितलं तर पास्ता. भाकरी मात्र विसरा.

छोट्या जहाजावर एकच स्वयंपाकी आणि जुनोला चढवलेलाच बाजार. शाकाहारी मिळतं, पण सॅलड, बीन्स, सूप. आठ दिवस.

प्रेषक: राजाभाऊ

> आठ दिवस

सात रात्री. आणि जेवायला चाललोय की ग्लेशियर बघायला?

शैलाताईंनी जहाज हलण्याबद्दल काही लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो, कारण सगळे 'मोठं जहाज हलत नाही' म्हणून तिकडे पळतात. सिएटलहून निघणारी मोठी जहाजं सहसा व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेकडून, उघड्या पॅसिफिकमधून जातात. स्टॅबिलायझरचे पंख जहाजाचं डावं-उजवं डोलणं कमी करतात, पुढे-मागे होणारी उचल नाही. लहान जहाज जुनोपासून बेटांच्या आडोशानेच फिरतं. हिशेब केला तर पोटात ढवळणं मोठ्यावरच जास्त व्हायचं.

प्रेषक: डॉ. शैला

मान्य. आडोशाच्या पाण्यात छोटं जहाज शांत असतं. गोळी घ्यायची तर निघण्याआधी, उलटी सुरू झाल्यावर नाही. आणि प्रोस्टेटचा किंवा काचबिंदूचा त्रास असणाऱ्यांनी ती आपल्या डॉक्टरांना विचारूनच. पण लिफ्ट नाही ती नाहीच.

प्रेषक: अनंतराव, छत्रपती संभाजीनगर

व्हिसा काढायचाच असेल तर आताच लागा. इथून करायचं ते क्रमाने लिहितो, कारण दोघांचे अर्ज आधीच चुकीच्या दिशेला चाललेत.

अर्ज ऑनलाइन. माणशी १०० कॅनेडियन डॉलर, बोटांचे ठसे ८५. ठसे दिले की १० वर्षं चालतात. लातूर-नांदेडवाल्यांनी ठशांसाठी हैदराबाद बघावं, आम्हाला पुणे बरं. पैशाच्या कागदांत लोक सातबारा जोडायलेत, पण तो मराठीत आहे. इंग्रजी भाषांतर आणि भाषांतर करणाऱ्याचं प्रतिज्ञापत्र नसेल तर तो कागद असून नसल्यासारखा. पेन्शनवाल्यांनी पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट द्यावं, इन्कमटॅक्सचा रिटर्न इंग्रजीतच असतो. अमेरिकेच्या व्हिसाच्या पानाची प्रत नक्की जोडा, तिचं वजन पडतं.

दोन फसव्या जागा. एक, मंजुरीनंतर स्टिकरसाठी पासपोर्ट द्यावा लागतो. त्याच आठवड्यात मुलाकडे निघायचं विमान असेल तर झाला घोळ. दोन, ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा आहे (आपल्याकडे जुन्या बायकांचे असे बरेच), त्यांचं नाव जहाजाच्या बुकिंगमध्ये, विमानात आणि व्हिसात तीन तऱ्हेनं पडतं. आधी पासपोर्ट दुरुस्त करा.

शिवाय कॅनडाच्या अर्जाला बुकिंगची पावती जोडलेली बरी आणि बुकिंग करायला तुम्ही व्हिसा विचारताय. म्हणून डिपॉझिट परत मिळणारं असेल तरच पुढे जा.

प्रेषक: खजिनदार

डिपॉझिटचं मी बघतो, तो विषय समितीचा नाही. ८ केबिनच्या पुढे ग्रुप धरतात, १६ भरलेल्या बर्थला साधारण एक बर्थ फुकट मिळतो. २२ जणांत एकच. तो कुणाच्या नावावर जाणार हे कुठेच लिहिलेलं नाही. तो सर्वांत वाटून घ्यायचा, संयोजकाचा नाही.

दरांची तुलनाही नीट करा. मोठ्या जहाजाच्या जाहिरातीतल्या आकड्यात टिप नसते (ती माणशी रोज वेगळी), इंटरनेट नसतं, आणि काठावरची प्रत्येक सहल वेगळी. छोट्याच्या दरात सहली धरलेल्या असतात. तरीही छोटं रोजच्या हिशेबात तिप्पट-चौपट जातं. शिवाय तिथे रद्द करण्याच्या अटी कडक. मोठ्याचा शेवटचा हप्ता निघण्याआधी सुमारे ९० दिवस, तोवर पैसे परत मिळतात.

नातवंडं तिसऱ्या-चौथ्या बर्थवर घालणाऱ्यांनी आता नावं द्या. केबिन रिकामी दिसली तरी त्या भागातल्या लाइफबोटीची माणसं भरली की कंपनी चौथा माणूस घेत नाही.

प्रेषक: सुहास (सहल समिती)

संयोजकाचा बर्थ मी मागितलेला नाही. रेकॉर्डसाठी.

प्रेषक: विनय

तुम्ही सगळे आकारावर भांडताय. कागद झेंड्याला लागतात, आकाराला नाही. अमेरिकन झेंड्याचं एक मोठं जहाजही आहे: 'प्राइड ऑफ अमेरिका', २००५ पासून, सुमारे २,२०० प्रवासी. होनोलुलु ते होनोलुलु, सात रात्री, एकही परदेशी बंदर नाही. डॉक्टर आहे, लिफ्ट आहेत, कॅनडा नाही. काहुलुई आणि नाविलिविलीला रात्रभर मुक्काम असतो, त्यामुळे घाईने चढ-उतार नाही. धक्का नाही तो फक्त कोनाला, तिथे टेंडर बोटीने जावं लागतं. गुडघेवाल्यांनी त्या दिवशी वर बसावं. कर्मचारी बहुतेक अमेरिकेतलेच, त्यामुळे भाडं जरा चढं आणि वैशालीचा गोव्याचा स्वयंपाकी भेटेलच असं नाही.

प्रेषक: राजाभाऊ

हवाईला ग्लेशियर कुठंय?

प्रेषक: पद्माकाकू, परभणी

हितं मे मधी उन्हात भाजून जूनमधी पुन्हा उन्हातच न्यायलात का आम्हाला? थंड जागी न्या. मी आडनावाचा रकाना बघितला, भरलेला हाय. अनंतराव, ठशाला हैदराबादची तारीख कशी काढायची ते फोन करून सांगा.

प्रेषक: सुहास (सहल समिती)

होल्ड मोठ्याच जहाजावर ठेवतोय. डिपॉझिट परतीचं आहे, खजिनदारांनी तपासलं. उद्या, गुरुवारी रात्री नऊपर्यंत तीन गोष्टी पाठवा: पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो, कॅनडाचा अर्ज टाकलाय की नाही, आणि लिफ्टजवळची केबिन हवी का. एजंटकडे मधल्या भागात सातच उरल्यात; डॉ. शैला ज्यांची नावं देतील त्यांना पहिल्यांदा. शेवटच्या हप्त्यापर्यंत ज्यांचा व्हिसा येणार नाही त्यांनी गळायचं, आणि त्यांच्यासाठी विनय होनोलुलुचे दर काढून ठेवेल. राजाभाऊ, फेरीत ग्लेशियर बे आहे.

प्रेषक: प्रमोद

हॉलचं डिपॉझिट कधी मिळणार?