सर्फ बँडसाठी माणसं कुठे शोधायची? (मालवण-कुडाळ-वेंगुर्ला पट्टा)

रिव्हर्बवाला_मालवण
नमस्कार मंडळी. मालवणात राहतो, गिटार वाजवतो आणि डोक्यात बरेच दिवस एकच किडा वळवळतोय, इथे सर्फ म्युझिकचा बँड काढायचा. म्हणजे डिक डेल, शँटेज, सर्फॅरिस, ते ६०च्या दशकातलं कॅलिफोर्नियातलं, शब्द नाहीत, गिटारच गाते ते. सामान जमेल, माणसं जमत नाहीत. जो गिटारवाला येतो तो एकतर डिस्टॉर्शन (आवाज फाटका करणारा इफेक्ट) लावून सोलो सुरू करतो नाहीतर गायक कोण विचारतो. एकाने अख्खी ट्यून ऐकून घेतली आणि म्हणाला मुखडा कधी येणार. ड्रमर म्हणावे तर ऑर्केस्ट्रातले ऑक्टोपॅडवाले, हात एक नंबर पण पाय नाही, कारण ऑक्टोपॅडवर किकसुद्धा (ड्रमसेटमधला पायाने वाजवायचा मोठा ड्रम) काठीनेच वाजवायची सवय. बेसवाला तर तालुक्यात ऐकिवात नाही. कुडाळ सावंतवाडी विचारून झालं. गोव्यात शोधू का? पण प्रॅक्टिसला तिकडून कोण येणार सारखं सारखं. आणि मुळात सर्फ ऐकणाराच माणूस हवा का, की वाजवणारा धरायचा आणि त्याला ऐकवायचं?

भाट्याचा_बेसवाला
वाजवणारा धर. सर्फ ऐकणारा शोधत बसलास तर म्हातारा होशील. आणि समुद्रात उतरणारा तर अजिबात शोधू नको, बीच बॉइजमध्येसुद्धा खरा सर्फिंग करणारा एकटा डेनिस विल्सन, बाकीचे नुसते गाण्यात.

माझं मत, आधी रिदम गिटारवाला बघ, लीड (चाल वाजवणारा) तर तू आहेसच. सगळे उलटं करतात, दोन लीडवाले जमा होतात आणि महिन्याभरात भांडण. रिदमवाल्याला क्लीन आवाजात, तळव्याने तारा दाबून, तेच तेच कॉर्ड मशीनसारखे वाजवता आले पाहिजेत आणि मुख्य म्हणजे त्यात मजा वाटली पाहिजे. चर्चच्या क्वायरमध्ये वाजवणारी पोरं बघ वेंगुर्ला-सावंतवाडीकडची, त्यांना दुसऱ्याच्या मागे वाजवायची सवय असते. बेसचं टेन्शन घेऊ नको, त्यातलाच एखादा गिटारवाला बेसवर बसव, फ्लॅटवाउंड (चपट्या गुंडाळीच्या, गुळगुळीत) तारा लाव आणि पिकने वाजवायला सांग, सर्फमध्ये बेस टकटकीत पाहिजे. फ्लॅटवाउंड खाऱ्या हवेत टिकतातही जास्त, माझ्या साध्या तारा पावसाळ्यात गंजून जातात.

देवबागचो_बाबल्या
अरे तू गिटारवाले कित्याक सोधतस? गावात बेंजो पार्टी आसा मा. तेंच्या बेंजोवाल्याचो उजवो हात बघ एकदा. नखी तारेर वर-खाली, वर-खाली, थांबणाच नाय, कारण बेंजोचो आवाज टिकणा नाय, सूर लांबवचो तर दुसरो उपाय नाय. तुझो तो डिक डेल काय येगळा करता?
फक्त आता जाव नको, चवथ जवळ इली, तो तुका गावाचो नाय.

रिव्हर्बवाला_मालवण
बाबल्या 😄 हे डोक्यातच आलं नव्हतं. पण त्याला गिटार कुठे येते? डावा हात तर बटणांवर असतो, टाइपरायटरसारखा.

तारसप्तक
मग गिटार देऊच नको ना, बेंजोच ठेव. पिकअप बसवलेलाच असतो, सरळ रिव्हर्बमधून (आवाजाला घुमारा देणारा इफेक्ट) काढ. जुन्या सर्फ बँडमध्ये सॅक्सोफोन असायचा, ऑर्गन असायचा, मग आपला बेंजो का नको.

आणि बाबल्या बोलला त्यात अजून एक गंमत आहे. डिक डेलच्या वडिलांचं घराणं मूळ लेबनॉनचं, लहानपणी तो त्याच्या काकाकडून तिकडची हाताने वाजवायची तालवाद्यं शिकला, आणि त्याची १९६२ची मिसिर्लू ही पूर्व भूमध्य समुद्राकडची जुनी चाल आहे. सूर बघ, रे आणि ध कोमल, ग आणि नि शुद्ध, म्हणजे आपल्या भैरवाचेच की. अमेरिकन पोराला ते विचित्र वाटत असेल, भजनी मंडळात वाढलेल्या बेंजोवाल्याला एका बैठकीत बसेल. त्याला पहिलीच ती दे. शँटेजची पाइपलाइन नंतर, ती सोपी वाटते पण तिच्यात घाई केली की वाट लागते.

ड्रमरची परीक्षा सांगतो. धुम् टक-टक धुम् टक, एवढंच, जलद लयीत, पाच मिनिटं, मध्ये एकही रोल नाही. हात शिवशिवणारा दुसऱ्याच मिनिटाला टॉमवर (सेटमधल्या बाकीच्या ड्रमवर) जातो, त्याला चहा पाजून घरी पाठव. सर्फॅरिसची वाइप आउट वाजवायला आधीच देऊ नको, त्यात ड्रमरचीच चैन आहे, तेवढ्यावर सगळेच पास होतात. तुझा ऑक्टोपॅडवालाही वाईट नाही हां, लय पक्की असेल तर पाय होतो तयार.

किनारपट्टी_कॉमन_मॅन
मंडळी माफ करा पण ऐकणार कोण? माझं तारकर्लीला होमस्टे आहे, पाहुणे येतात ते स्कूबा, पॅरासेलिंग, सुरमई थाळी आणि रात्री कराओके. कोळीगीत लावलं की अंगणात सगळे नाचतात. बिनशब्दांचं अर्धा तास कोण ऐकणार?

भाट्याचा_बेसवाला
मूळचं पण नाचायचंच संगीत आहे भाऊ. १९६१ला डिक डेल कॅलिफोर्नियातल्या बाल्बोआच्या रान्देव्हू बॉलरूममध्ये वाजवायचा तेव्हा पोरं अख्खा हॉल भरून नाचायला यायची, ऐकायला म्हणून हाताची घडी घालून कोण बसत नव्हतं. चार ट्यून झाल्या की एक कोळीगीत त्याच ठेक्यात वाजवायचं, बेंजोवाला आहेच. बघा मग उठतात की नाही.

@रिव्हर्बवाला, पैशाचं मात्र पहिल्याच दिवशी बोल. बेंजो पार्टीवाल्यांना सुपारीची सवय असते, प्रॅक्टिसचे पैसे नाहीत म्हटल्यावर तो दोनदा येईल, तिसऱ्यांदा फोन उचलणार नाही. निदान पेट्रोल आणि जेवण तरी. आणि लगीनसराई, शिमगा, चवथ सोडून उरलेले दिवस त्याला विचारूनच ठरव, तुझ्या कॅलेंडरप्रमाणे नाही.

रिव्हर्बवाला_मालवण
पटलं. कॉमन मॅन, तुमच्याच अंगणात पहिला कार्यक्रम करतो, थाळीवर वाजवू. बाबल्या, तुझ्या गावातल्या पार्टीची प्रॅक्टिस कुठे चालते ते मेसेज कर, आता नुसता बसून ऐकतो, विषय चवथीनंतर काढतो. आणि बेसचा अॅम्प कोणी विकत असेल तर सांगा, १५ इंची स्पीकरवाला, बाहेरून गंजलेला चालेल.

देवबागचो_बाबल्या
देवळाच्या मागच्या शेडीत, रात्री जेवन झाल्यार. भजी घेवन ये.