मास्किंगसाठी सिम्युलेटरच बरा

ऑडिओमेट्री (श्रवणचाचणी) शिकायला संगणकातला खोटा रुग्ण देणारा सिम्युलेटर असतो. ‘तो म्हणजे नुसता बटणं दाबायचा खेळ’ असं काहीजण म्हणतात. ऐकू आलं की टोन १० डेसिबल (डीबी) खाली, नाही आलं की ५ डीबी वर या नेहमीच्या पद्धतीपुरतं ते खरं. ती हाताला लवकर बसते. मास्किंगचं, म्हणजे एक कान तपासताना दुसऱ्यात नॉइज देऊन त्याला गुंतवून ठेवण्याचं, तसं नाही. उजवा कान नॉर्मल, डावा पूर्ण बहिरा असा रुग्ण सिम्युलेटरवर लावून बघा. मास्किंगशिवाय डावीकडे हवेतून साधारण ५०-६० डीबीला आणि हाडातून (कवटीला कंपन देऊन) ०-१० डीबीला उत्तर येतं. ऑडिओग्राम (चाचणीचा आलेख) हुबेहूब कंडक्टिव्ह लॉससारखा, म्हणजे आवाज आतल्या कानापर्यंत नीट पोहोचत नसल्यासारखा. ऐकतोय मात्र उजवा कान! आता उजवीकडे नॉइज १०-१० डीबीने वाढवा. थ्रेशोल्डही (ऐकू येणारा सर्वांत हळू आवाज) तितकाच वर सरकत जातो; पठार, म्हणजे नॉइज वाढवूनही थ्रेशोल्ड न हलण्याचा टप्पा, येतच नाही. शेवटी सिम्युलेटरमधला खरा थ्रेशोल्ड उघडून आपलं उत्तर ताडून बघता येतं, ही सोय जिवंत रुग्णात कुठली?

हेडफोन लावणं मात्र सिम्युलेटरवर शिकता येत नाही. हेडफोनच्या दाबाने कानाची नळी मिटली की वरच्या फ्रिक्वेन्सींना खोटा एअर-बोन गॅप (हवेतून आणि हाडातून आलेल्या थ्रेशोल्डमधला फरक) दिसतो, वयस्करांत विशेष. इन्सर्ट फोन (कानाच्या नळीत बसणारे) घालून पुन्हा तपासलं की तो जातो. आणि हो, फॉल्स रिस्पॉन्सची (टोन नसतानाही बटण दाबणं) सेटिंग असेल तर शून्यावर ठेवू नका. नाहीतर ठरावीक तालात टोन द्यायची खोड लागते, आणि खरा रुग्ण त्या तालावर न ऐकताच बटण दाबतो.