रविवारचा सिनेमा आणि सी-७०२ चं गाऱ्हाणं

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी, रविवारी संध्याकाळी क्लबहाऊसमध्ये मुलांसाठी सिनेमा लावायचं ठरतंय. मुलांना सुपरहिरोचा हवाय. कुठला ते इथेच सुचवा, त्यासाठी वेगळी मीटिंग नको

ए-१०४: अ‍ॅव्हेंजर्स एंडगेम 👍

बी-३०४: तो तीन तासांचा आहे हो, सोमवारी शाळा आहे. दोन तासांत आटपणारा बघा

डी-२०१: आमच्याकडे स्पायडरमॅनची मागणी आहे. कुठला म्हणून विचारलं तर म्हणे सगळे

ए-१०४: सी-७०२ ना विचारा ना, त्यांच्याकडे भिंतभर कॉमिक्स आहेत

सी-७०२: नको, मी सुरू झालो की ग्रुप म्यूट कराल

डी-२०१: आधीच म्यूट आहे, बोला तुम्ही 😄

सी-७०२: बरं मग ऐका. मी यातला प्रत्येक सिनेमा लागला की लगेच बघतो आणि बाहेर येतो तो कुरकुरतच, बायको म्हणते मग जातोस कशाला, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. आता स्पायडरमॅनच घ्या. २००२ च्या सिनेमात त्याच्या जाळ्या थेट मनगटातून निघतात. कॉमिकात ते यंत्र त्या पोराने स्वतः बनवलेलं असतं, खिशात पैसे नाहीत पण डोकं आहे, आणि त्यातलं द्रावण ऐन मारामारीत संपतं, मग हा हवेत लटकलेला. संपण्यातच सगळी मजा होती. ती काढून टाकली

डी-२०१: मनगटातून आली काय न् यंत्रातून आली काय, भिंतीवर चढल्याशी मतलब

सी-७०२: दादा तुम्ही म्यूटच बरे होतात

बी-६०२ (धाकटा): पण ७०२ दादा, २००४ मध्ये कॉमिकातच त्याला मनगटातून जाळ्या दिल्या होत्या की, सिनेमा चालला म्हणूनच असणार ना. आणि मूळ मूळ म्हणता तर सुपरमॅन १९३८ ला आला तेव्हा उडायचाही नाही, लांब उड्या मारायचा फक्त. सुपरमॅनला दुबळं करणारा तो दगड, क्रिप्टोनाइट, रेडिओच्या मालिकेतून कॉमिकात आलंय. बॅटमॅनच्या गोष्टीतली हार्ली क्विन तर १९९२ च्या टीव्हीवरच्या कार्टूनमधून आली. मग सिनेमावाल्यांनी बदललं तरच का ओरडायचं?

ए-१०४: आता कसं 😂

सी-७०२: बरोबर आहे तुझं, अजून एक घे, निक फ्युरी, तो हेरांचा प्रमुख, त्याचा चेहरा २००२ च्या कॉमिकात सॅम्युएल जॅक्सन या नटावरून काढला आणि मग सिनेमात तो रोल खरंच त्यालाच मिळाला. म्हणजे ही देवाणघेवाण दोन्हीकडून चालते हे मला मान्यच आहे. बदलाचा मला राग नाही रे. आयर्न मॅनचंच बघ, कॉमिकात तो कित्येक वर्षं लोकांना सांगायचा की आयर्न मॅन म्हणजे माझा बॉडीगार्ड, आणि २००८ च्या सिनेमात शेवटी पत्रकारांसमोर सरळ सांगून मोकळा होतो की मीच तो. मी थिएटरात ओरडलोय तेव्हा. सिनेमाने तिथे कॉमिकवर मात केली, उगाच नाही कशाला म्हणू

ई-५०१ काकू: मग नेमकं दुखतं कुठे ते सांग की. मघापासून वाचतेय, तक्रार आहे पण कशाची ते कळत नाहीये

सी-७०२: काकू सांगतो, जरा लांब होईल.

१९७३ चा एक अंक आहे, अमेझिंग स्पायडरमॅन नंबर १२१, माझ्याकडे त्याची नवी छपाई आहे. ग्रीन गॉब्लिन हा खलनायक ग्वेनला, म्हणजे पीटरच्या (स्पायडरमॅनचं खरं नाव) मैत्रिणीला, पुलावरून खाली ढकलतो. पीटर जाळी फेकतो, जाळी तिच्या पायाला चिकटते, वाचली! आणि त्याच चौकटीत तिच्या मानेपाशी बारीक अक्षरात एकच आवाज लिहिलाय, स्नॅप. एवढंच. पीटरला ते दिसत नाही, तो पुढच्या चौकटीत तिला वर ओढताना स्वतःवर खूश आहे, बडबडतोय. आपण मात्र वाचलेलं असतं. पहिल्यांदा वाचताना मी तो शब्द ओलांडून पुढे गेलो, ती गेल्याचं कळलं तेव्हा पान मागे उलटलं, आणि मग बसलोच तिथे. म्हणजे ती पडल्यामुळे मेली का ह्याने वाचवल्यामुळे, ते त्या चार अक्षरांत आहे आणि आपल्याला कोणी घाई करत नाही, हवं तितका वेळ त्या पानावर थांबा.

हाच प्रसंग २०१४ च्या सिनेमात आहे, पुलाऐवजी घड्याळाचा मनोरा. जाळीचं टोक हातासारखं उघडतं, ती खाली चाललीय, सगळं स्लो मोशनमध्ये. वाईट केलंय का, अजिबात नाही, मला रडू आलं. पण किती वेळ रडायचं ते एडिटरने ठरवलेलं होतं. पुढचा सीन आला की पुढे चला.

ई-५०१ काकू: हं. आता कळलं

बी-६०२ (धाकटा): २००२ वाल्यात तर पुलावर ग्वेनऐवजी मेरी जेन, त्याचं प्रेम असलेली मुलगी, असते आणि तो तिलाही वाचवतो, ट्राममधल्या मुलांनाही

सी-७०२: तेच ना! पूल ठेवला आणि त्यावरचं भय काढून घेतलं.

आणि नुसतं इमानदारीने उतरवलं तरी जमतं असं नाही. वॉचमेनची गंमत बघ, १९८६-८७ चं कॉमिक, बारा अंक, बहुतेक पानं नऊ सारख्या चौकटींची, तीन आडव्या, तीन उभ्या. तीच ती मांडणी पान उलटल्यावर पुन्हा, त्यामुळे कुठे एखादी चौकट मोठी झाली की छातीत धडकतं. २००९ च्या सिनेमात कितीतरी फ्रेम हुबेहूब त्या चित्रांसारख्या आहेत, शेवट सोडला तर काडीचा बदल नको अशा भक्तीने केलाय, आणि पडदा मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत तेवढाच. मग चौकट मोठी होणार कुठून

बी-३०४: हे सगळं मुलांना दाखवायचं आहे का? 🙄

सी-७०२: नाही नाही वहिनी, वॉचमेन चुकूनही नको, मोठ्यांचा आहे तो

ए-१०४: थॅनोसवाला काढा मग, एंडगेम नको तर त्याच्या आधीचा

सी-७०२: इन्फिनिटी वॉर. तो पण अडीच तास. आणि थॅनोस, त्यातला खलनायक, त्याच्याबद्दल माझं डोकं दोन्ही बाजूंनी चालतं. १९९१ च्या कॉमिकात तो अर्धं विश्व का संपवतो माहितीये? मृत्यू ही तिथे एक बाई आहे, हा तिच्या प्रेमात आहे आणि ती याच्याकडे बघतसुद्धा नाही, तिने बघावं म्हणून हे सगळं. सिनेमात त्याला कारण दिलंय, लोक जास्त आणि साधनं कमी. ऐकायला पटतं, घरी येऊन वाद घालता येतो. पण मला तो खुळा प्रेमवीरच जास्त खरा वाटतो, का ते विचारू नका

डी-२०१: आम्ही पाहिलेत असले प्रेमवीर, सुदैवाने विश्व वाचलं

ई-५०१ काकू: ही चित्रं काढणाऱ्यांची नावं सिनेमात येतात का रे? आमच्या नातवाला सगळे नट पाठ आहेत, एक चित्रकार माहीत नाही

सी-७०२: काकू तुम्ही बरोब्बर दुखऱ्या ठिकाणी बोट ठेवलंत. सुपरमॅन सीगल आणि शूस्टर या दोन पोरांचा, हक्क विकले १३० डॉलरला. पुढे उतारवयात हलाखी. मग १९७५ साली सुपरमॅनच्या मोठ्या सिनेमाची तयारी चाललेली असताना सीगलने पेपरवाल्यांना पत्रं लिहून आरडाओरडा केला तेव्हा कुठे कंपनीने दोघांना वर्षाला २० हजार डॉलर पेन्शन सुरू केलं आणि कर्ते म्हणून नाव परत दिलं. म्हणजे ज्या सिनेमांवर मी कुरकुरतो त्यातल्याच एकामुळे म्हाताऱ्यांना दोन घास सुखाचे मिळाले, आता बोला. बॅटमॅनच्या बिल फिंगरला तेही नाही, तो १९७४ ला गेला आणि बॅटमॅनचा सहकर्ता म्हणून सिनेमात नाव लागायला २०१६ उजाडलं

ई-५०१ काकू: अरेरे

सेक्रेटरी: चर्चा छान चाललीय पण रविवारचं काय? एक नाव द्या

सी-७०२: स्पायडरमॅन इंटू द स्पायडरव्हर्स. २०१८ चा, अ‍ॅनिमेशन, दोन तासांच्या आत. डी-२०१ ची मागणी पण पूर्ण, एकाच सिनेमात बरेच स्पायडरमॅन आहेत

बी-६०२ (धाकटा): +१ +१

बी-३०४: कार्टून आहे का? आठवी-नववीची मुलं बसतील का

सी-७०२: बसतील वहिनी, बघाच. त्यातल्या माइल्स नावाच्या पोराला कोळी चावल्यावर त्याचे विचार चौकटीत लिहून पडद्यावर यायला लागतात, कॉमिकासारखे. रंगात जुन्या छपाईचे ठिपके दिसतात. आणि एक खुबी सांगतो, जंगलात दोघं स्पायडरमॅन पळतात तिथे जुन्या पीटरची हालचाल सेकंदाला २४ चित्रांची आहे आणि नवशिक्या माइल्सची १२ ची, त्यामुळे पोरगा अडखळल्यासारखा दिसतो. कोणी सांगत नाही पण डोळ्याला कळतं. इथे कुठल्याही अंकातलं पान उतरवलेलं नाही तरी मला कॉमिक वाचल्यासारखं वाटलं. हा एक सिनेमा बघून मी न कुरकुरता घरी आलो, बायको साक्षीदार आहे

सी-७०२ (मिसेस): खोटं. ठिपके जरा मोठे हवे होते म्हणाला होतास

डी-२०१: 😂😂😂

सेक्रेटरी: ठरलं तर मग, रविवारी सात वाजता स्पायडरव्हर्स. ७०२, सुरू व्हायच्या आधी पाच मिनिटं मुलांशी बोला, पाचच

सी-७०२: १२१ नंबरचा अंक आणू का? म्हणजे शेवट नाही दाखवणार, नुसतं जाळ्याचं यंत्र

बी-३०४: पाच मिनिटं म्हणालेत ते

सेक्रेटरी: आणि प्रोजेक्टरची केबल गेल्या वेळी कोणी नेली? बॉक्समध्ये नाहीये