कोंकणी मुलाखती दोघींनी मिळून कोड करायच्या आहेत, काय वापरू?

वाळपयची: नमस्कार मंडळी. समाजशास्त्रात पीएचडी, तिसरं वर्ष. विषय गोव्यातल्या खाणबंदीनंतरची ट्रकमालकांची घरं: २०१२ ची बंदी, मधे थोडं सुरू झालेलं काम आणि २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द केलेल्या ८८ खाण-लीज. सत्तरी-डिचोलीतल्या ३४ मुलाखती झाल्यात, बहुतेक कोंकणीत. माझ्याबरोबर एक मैत्रीण कोडिंग करणार आहे, म्हणजे वाक्यांना विषयाची लेबलं लावणं. एनव्हिवो हे त्यासाठीचं सॉफ्टवेअर परवडत नाही. सध्या एक्सेलची फाइल व्हॉट्सॲपवर फिरते आणि 'फायनल३' नक्की कुणाची यावरून भांडण होतं. गाइड म्हणतात, आधी सगळं इंग्रजीत भाषांतर करा, मग कोड करा. कुणी असं काम केलंय का?

मांडवीकाठ: टॅगेट बघा. फुकट, ओपन सोर्स, ब्राउझरमध्ये चालतं आणि एकाच प्रोजेक्टमध्ये दोघींना काम करता येतं. ऑडिओ मात्र त्यात घेता येत नाही, फक्त लिखित मजकूर. देवनागरी युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या श्रीलिपी फाँटातल्या फाइली असतील तर आधी बदलून घ्या, नाहीतर नुसती गिचमीड दिसेल.

जुना_खातेदार: क्वालकोडर पण फुकट आहे. दोघांचं कोडिंग शेजारी ठेवून तुलना करता येते, कप्पा, म्हणजे दोघांचं कोडिंग किती जुळलं त्याचा आकडा, तोही काढून देतो. एकच प्रोजेक्ट दोघींनी एकाच वेळी उघडू नका, एवढं पाळा.

पेडणेकर_बाय: सॉफ्टवेअर नंतर. आधी दोन मुलाखती घ्या, दोघींनी वेगवेगळ्या कोड करा, कागदावर केल्या तरी चालेल. मग समोरासमोर बसा.

आमच्याकडे एक वाक्य होतं: 'ट्रक दारांत उबो आसा, तरी दसऱ्याक पुजतां.' मी त्याला 'बुडालेलं उत्पन्न' लावलं, जोडीदाराने 'प्रतिष्ठा'. अर्धा तास वाद घातला. मग लक्षात आलं, की बोलणारा हप्त्यांबद्दल बोलतच नव्हता. झेंडूची माळ, धुतलेली काच, शेजाऱ्यांना दिसणारा ट्रक, हे तो सांगत होता. त्या वादातून 'उभा ट्रक' असा नवा कोड निघाला आणि पुढे तो एका प्रकरणाचा कणा झाला. इंग्रजी भाषांतरावर काम केलं असतं तर 'तरी' हा शब्द कुठेतरी गळाला असता आणि मी बिनघोर उत्पन्नच लिहिलं असतं. म्हणून कोड मूळ कोंकणीवर करा. प्रबंधात घ्यायचे तेवढेच उतारे भाषांतरित करा. गाइडना हेच वाक्य दाखवा.

कोडबुकमध्ये, म्हणजे कोडांच्या यादीत, प्रत्येक कोडला तीन ओळी: काय बसतं, काय बसत नाही, एक खरं उदाहरण. बदल केला की तारीख. वादाची टिपणं जपून ठेवा, व्हायव्हाला तीच कामाला येतात.

जुना_खातेदार: पण परीक्षक कप्पा मागतील ना?

पेडणेकर_बाय: मागतील, नाहीही मागतील. कप्पाने कळतं ते एवढंच, की योगायोगापेक्षा किती जास्त जुळलं. कोड आधी ठरलेले असतील तर जरूर काढा. पण ब्राउन आणि क्लार्क या संशोधकांच्या पद्धतीचं रिफ्लेक्झिव्ह विश्लेषण (संशोधकाची स्वतःची नजरही जमेस धरणारं) करत असाल तर त्या दोघी स्वतःच असा आकडा नको म्हणतात. आधी पद्धत ठरवा. दोन्ही दगडांवर पाय ठेवलात की व्हायव्हाला पंचाईत.

मांडवीकाठ: आणखी एक. संमतीपत्रात 'माझी सहकारी हे ऐकेल' असं आहे का? नसेल तर ऑडिओ तिला देऊ नका. आणि नाव बदलून काम भागत नाही. 'सहा ट्रकवाला माजी पंच' लिहिलं की अख्खा वाडा ओळखणार.

वाळपयची: संमतीपत्रात नाहीये. बापरे. म्हणजे परत फिरणं आलं, तेही या पावसात. ट्रकवालं वाक्य काल गाइडना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं, मग म्हणाले, बरं, पहिल्या पाच मूळ कोंकणीत करून आणा. शनिवारी मैत्रिणीकडे बसतोय, टॅगेटवर. श्रीलिपीच्या नऊ फाइली निघाल्यात. बदलायला सोपी युक्ती कुणाकडे आहे?