सारखी दिसणारी फळं: ओळखता कशी आणि करता काय?

फणस-ड्युरियन, सीताफळ-रामफळ, लिची-रामबुतान... शेजारी शेजारी ठेवली की नवख्या माणसाचा गोंधळ होतोच, आणि तो नुसता नावापुरता राहत नाही, एकाच्या जागी दुसरं घातलं की अख्खा पदार्थ बिघडतो. तुमची ओळखायची खूण आणि स्वयंपाकातला उपयोग, दोन्ही लिहा. मी सुरुवात करते.

फणस की ड्युरियन हे मी काट्यांवरून ठरवते. फणसाचे बोथट, हात फिरवला तरी चालतो. ड्युरियनचे टणक आणि अणकुचीदार, जाड फडक्याशिवाय उचलूच नका. कापल्यावर तर शंकाच उरत नाही. फणसाला चीक सुटतो, मधे जाड दांडा आणि भोवती गरेच गरे. ड्युरियनला चीक नाही, शिवणीवर सुरी घातली की कप्पे उघडतात, बहुतेकदा पाच, आणि आत सायीसारखा गर. भाजीला कोवळा फणसच हवा, शिजला की त्याच्या रेषा सुटतात आणि मसाला मस्त धरतात, फक्त चिरण्याआधी हाताला आणि सुरीला तेल लावा. पिकलेला ड्युरियन आईस्क्रीम, केक, क्रीममध्ये छान.

*

मी नीरफणसावर लिहितो कारण त्याच्याकडे उगाच दुर्लक्ष होतं. फणसाच्याच कुळातला, पण आत गरे शोधू नका. सालीवर काट्यांऐवजी बारीक बहुकोनी चौकटी, आत सलग पांढरा पिठूळ गर, बऱ्याच जातींत बी नसतेच. सालीवर चिकाचे वाळलेले डाग दिसले की फळ तयार झालं समजायचं. अजून घट्ट असेल तर पातळ काप करून तिखट-मीठ लावून तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस करा, बटाटा जिथे जिथे घालता तिथे हा चालतो. मऊ पडला की गोडसर होतो, मग मात्र काप नीट होत नाहीत.

*

सीताफळाचे डोळे उठून दिसतात आणि पिकलं की डोळ्यांमधल्या भेगा पिवळट-पांढऱ्या होतात, रामफळ जवळजवळ गुळगुळीत, लालसर छटेचं, वर जाळीसारख्या रेषा, आणि तिसरं ते हिरवं मऊ काट्यांचं, कोणी मामफळ म्हणतं कोणी लक्ष्मणफळ, त्याचा गर आंबटसर आणि धागेदार म्हणून तो चाळणीवर घासून सरबताला वापरायचा. सीताफळाचा गर उकळत्या दुधात अजिबात घालू नका प्लीज, तापला की कडवट होतो. दूध आटवा, फ्रिजमध्ये पूर्ण गार करा, मग गर ढवळा. आणि या तिन्हींच्या बिया हातानेच काढा, बियांसकट मिक्सर फिरवायचा नाही, बी फुटली की आतला भाग विषारी असतो.

*

लिची आणि रामबुतान: रामबुतानच्या सालीवरचे केस सोडा, बी बघा. लिचीची बी गुळगुळीत, सहज सुटते. रामबुतानच्या बऱ्याच जातींत बीचं सालपट गराला चिकटून येतं, म्हणून फ्रूट सॅलडला मी लिचीच घेते.

*

स्टारफ्रूट आणि बिलिंबी एकाच कुळातली. स्टारफ्रूटला पाच धारा, आडवं कापलं की चांदणी. बिलिंबी म्हणजे छोटी हिरवी काकडीच, थेट खोडावर घोसाने लागते आणि भयंकर आंबट, त्यामुळे चिंचेच्या जागी माशाच्या रश्श्यात किंवा लोणच्यात उत्तम. पिकलेलं स्टारफ्रूट न शिजवताच खावं, शिजवून त्याचा कुरकुरीतपणा जातो. पण दोन्हींत ऑक्झॅलिक आम्ल भरपूर, आणि किडनीचा आजार असलेल्यांना स्टारफ्रूट जिवावर बेतू शकतं, तेव्हा पाहुण्यांच्या ताटात ठेवण्याआधी विचाराच.

*

मँगोस्टीन, ते जाड जांभळ्या सालीचं फळ, राहिलं की! बुडाशी जी फुली असते तिच्या पाकळ्या मोजा, आत तितक्याच फोडी निघतात. आमच्याकडे ते तसंच संपतं, कोणी शिजवून काही करत असेल तर सविस्तर लिहा.